माफीपत्रावर सही कुणाची?

"आम्ही माफी मागणार नाही!" ऑर्तांसने हाताची घडी घातली आणि मेयरसाहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"नाहीच मागणार!" शेजारून दहा वर्षांचा तितुआं ओरडला. त्याच्या तोंडात पावाचा तुकडा होता, त्यामुळे ते जरा 'नायीस मागणाल' असं ऐकू आलं; पण भावना पोचल्या.

मेयर मस्यू वालमाल सकाळी सकाळी नदीकाठच्या कॅम्पवर आले होते, आणि त्यांच्या मागे मादाम जिनू हातात वाळलेल्या घेवड्याचा वेल धरून उभ्या होत्या. रोक्सावाल गावच्या जुन्या तटाखाली हा कॅम्प. बारा-पंधरा तंबू, एक नळ आणि पॉप्लरच्या झाडांची सावली. ऑर्तांस आणि तितुआं ही भावंडं लील शहरातून दर ऑगस्टला आईबाबांबरोबर इथे येत. कॅम्पची देखभाल सिल्वेतबाई करायच्या, आणि त्यांची मुलगी नोएमी या दोघांची जिवलग मैत्रीण होती.

"चार पाळ्या झाल्या!" मादाम जिनूंनी तो वेल नाचवला. "तीन वाजता माझी पाण्याची पाळी सुरू होते आणि पाट कोरडा! चार वाजून गेल्यावर पाणी येतं, पाचला पाळी संपते. माझा घेवडा गेला, कोबी गेला. वरच्या मळ्यात पापे आन्सेल्म आहेत. साठ वर्षांत पाणी वळवायची त्यांची फळी पाटातून एक मिनिट उशिरा निघालेली नाही. मग मध्ये पाणी अडवतं कोण? मध्ये तर फक्त हा कॅम्प आहे!"

"आणि या दोघांना मी स्वतः पाटाजवळ फळी घेऊन खेळताना बघितलंय," मेयर म्हणाले.

"ती होडी होती!" तितुआं उसळला. "तिला शीड पण होतं!"

"दुसऱ्याच्या पाळीच्या पाण्याला हात लावणं म्हणजे काय, ते या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. शनिवारी दुपारी तीनपर्यंत लेखी माफीपत्र पाहिजे. ते मी गावकचेरीच्या फलकावर लावीन. नाहीतर सोमवारपासून कॅम्प बंद! आणि सिल्वेत, मग तुम्हालाही दुसरं काम बघावं लागेल."

मेयर गेल्यावर सिल्वेतबाईंनी नळाजवळचा झाडू उचलला आणि आधीच झाडलेली जागा पुन्हा झाडायला घेतली. नोएमीने ते पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"एक कागद तर लिहायचाय," ती हळूच म्हणाली. "लिहून टाकूया का? आईची नोकरी..."

"जे केलंच नाही ते?" ऑर्तांस म्हणाली. तेरा वर्षांची ही पोरगी एकदा अडून बसली की तिच्या वडिलांचंही तिच्यापुढे काही चालत नसे. "आपण माफी मागितली, तरी पुढच्या पाळीला पाणी चुकणारच. मग ते पुन्हा येतील आणि म्हणतील, बघा, चोर ते चोरच! नोएमी, तुझ्या आईची नोकरी वाचवायची असेल तर पाणी कुठे जातं ते शोधायला हवं."

"हे मोठ्या माणसांनी का नाही शोधलं?" तितुआंने विचारलं.

"कारण आमच्या गावात कुणी कुणाची फळी तपासायला जात नाही," नोएमी म्हणाली. "तसं करणं म्हणजे तोंडावर 'तू चोर आहेस' म्हणणं. त्यावरून दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत."

"मी लीलचा आहे," तितुआं म्हणाला. "मी जाऊ शकतो."

पाळी गुरुवारी आणि शनिवारी असे, आणि तो गुरुवारच होता. एक ते तीन पापे आन्सेल्म, तीन ते पाच मादाम जिनू. पण दुपारी भलतीच अडचण आली. जेवण झाल्यावर अन्न जिरेपर्यंत नदीत उतरायचं नाही, हा सगळ्या आयांचा कायदा. तीन वाजेपर्यंत तितुआंला तंबूच्या दोरीपलीकडे पाऊल टाकायची बंदी होती. तो चटईवर पालथा पडून चर्चच्या घंटेची वाट बघत होता.

टण्... टण्... टण्!

"चल!" ऑर्तांस उठली.

"थांब ना! अजून दुसरे टोले व्हायचेत. आई म्हणते, दुसऱ्या टोल्यांनंतरच." तो जरा वेळ पडून राहिला आणि मग चिडून उठला. "जाऊ दे. या वर्षी हे रोजचंच झालंय!"

त्याच्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. लहान भावाच्या बोलण्याकडे कोण देतं?

तिघं पाटाच्या कडेकडेने वर निघाली. कॅम्पजवळ पाट कोरडा. धोब्यांच्या जुन्या दगडांपाशी कोरडा. डाळिंबाच्या कुंपणापाशीही कोरडाच, आणि तळाच्या चिखलात एक बेडूक रागावून बसलेला. असं करत करत ती थेट पापेंच्या मळ्याच्या दगडी बांधापर्यंत आली, आणि नोएमी थबकली.

पाटात पापेंची फळी आडवी उभी होती. सगळं पाणी वळून त्यांच्या टोमॅटोच्या वाफ्यांत खळखळत चाललं होतं. सव्वातीन वाजून गेले होते! आणि पापे? अंजिराच्या झाडाखाली, टोपी नाकावर ओढून, ढाराढूर!

"पापे?" नोएमी पुटपुटली. ते तिचे सख्खे आजोबा नव्हते. पण गावातली सगळी पोरं त्यांना पापे, म्हणजे आजोबाच म्हणायची. "शक्यच नाही. पापे पाणी चोरणार नाहीत!"

"काढू फळी?" तितुआंने हात पुढे केला आणि नोएमीने त्यावर सटकन चापट मारली.

"हात लावायचा नाही म्हणून सांगितलं ना!"

मग तिघं बांधाआड बसून राहिली. तितुआंने मुंग्या मोजल्या, दोनदा विचारलं, "आता काय?" आणि दोनदा बोलणी खाल्ली. अंजिराची सावली हळूहळू सरकली. चारचे टोले पडले, आणि पापे उठून बसले. मोठी जांभई देऊन ते पाटापाशी आले आणि त्यांनी फळी उचलली.

"झाले तीन," ते स्वतःशीच म्हणाले. "घे जिनूबाई, तुझं पाणी. वेळच्या वेळी!"

ऑर्तांसला राहवलं नाही. ती बांधावरून डोकावली. "पापे, तीन वाजले हे तुम्हाला कळतं कसं? तुमच्याकडे तर घड्याळ नाही."

"घड्याळ कशाला हवंय, पोरी? चर्च आहे ना! आपली घंटा प्रत्येक तास दोनदा वाजवते, मध्ये दोन मिनिटं सोडून. पहिल्या टोल्यांनी मला जाग येते, पण मी उठत नाही. पडून राहतो. दुसरे टोले पडले की उठतो आणि फळी काढतो. माझे वडील असंच करायचे आणि त्यांचेही वडील." पापे हसले. "हल्ली ती दोन मिनिटं जरा लांबल्यासारखी वाटतात खरी. वय झालं, दुसरं काय!"

तितुआं ताडकन उभा राहिला. "अगं, तेच तर मी सांगतोय! दुसरे टोले वाजतच नाहीत! मी रोज वाट बघतो ना!"

ऑर्तांस आणि नोएमी एकमेकींकडे बघत राहिल्या. तीनच्या टोल्यांनी पापेंना जाग येत होती. ते पडून दुसऱ्या टोल्यांची वाट बघत, तेवढ्यात पुन्हा डोळा लागे, आणि पुढचे टोले पडत ते थेट चारचे! त्यांनाच पापे दुसरे टोले समजत होते. सबंध एक तास ते दोन मिनिटं समजून झोपत होते.

"त्यांना आत्ता काही सांगू नका," परतताना नोएमी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "साठ वर्षांत एकदाही उशीर केला नाही, याच एका गोष्टीचा त्यांना अभिमान आहे. त्यांची चूक आहे असं गावात झालं तर ते घराबाहेर पडणार नाहीत."

"त्यांची चूक नाहीच," ऑर्तांस म्हणाली. "घंटेचं तोंड कुणी बंद केलं, ते बघू."

शुक्रवारी सकाळी तिघं चर्चमध्ये गेली. घंटेचा दोर केव्हाच गेला होता. आता मनोऱ्याच्या पायथ्याशी विजेची एक करडी पेटी होती. तिच्या झाकणावर वायरमनने चिकटवलेली चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं: 'दुसरे टोले बंद. मेयरसाहेबांचा तोंडी हुकूम. २ ऑगस्ट.'

"दोन ऑगस्ट!" नोएमी म्हणाली. "जिनूबाईंची पहिली पाळी चुकली ती तीन तारखेला!"

तिघं तडक गावकचेरीत गेली. मेयर चीज कापत होते.

"मस्यू, ती चर्चची घंटा तुम्ही..."

"हो, केली बंद. तटावरच्या नव्या घरात पाहुणे उतरलेत, त्यांची तक्रार आली. पहाटे सहा वाजता दोनदा उठवतात म्हणे. एवढ्याशा गोष्टीसाठी सभा कोण बोलावणार? माफीपत्र आणलंत?"

"पण त्यामुळेच पाणी..."

"माफीपत्र आणलंत का?" मेयरांनी सुरी खाली ठेवली. "घंटेचा आणि घेवड्याचा काय संबंध? मोठ्यांना शिकवू नका!"

ऑर्तांसची कानशिलं तापली. ती काहीतरी जहाल बोलणार होती, पण एकदम थांबली आणि गोड हसली. तितुआं सावध झाला. ताई अशी हसली की कुणाची तरी धडगत नसते, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

"आणते, मस्यू. उद्या तीनला पाच कमी असताना सगळ्या गावासमोर वाचून दाखवते. पण पापेंच्या मळ्यापाशी, जिथून पाणी सुटतं तिथे. चालेल?"

"सगळ्या गावासमोर?" मेयर खूश झाले. "उत्तम! मीच सगळ्यांना बोलावतो."

शनिवारी पापेंच्या बांधापाशी निम्मं गाव जमलं. पेटांकचा खेळ अर्धा सोडून आलेल्या म्हाताऱ्यांच्या हातात अजून लोखंडी गोळे होते. सिल्वेतबाई एका बाजूला उभ्या होत्या. पलीकडे अंजिराखाली पापे घोरत होते.

"सगळे इतके कुजबुजताय का?" मेयरांनी कुजबुजत विचारलं.

"पापे झोपलेत," नोएमी म्हणाली.

ऑर्तांसने कागद उघडला आणि हलक्या पण ठाम आवाजात वाचलं: "मी, खाली सही करणारी व्यक्ती, कबूल करते की सगळ्या गावाच्या मालकीच्या गोष्टीत मी कुणालाही न विचारता, न सांगता ढवळाढवळ केली. त्यामुळे मादाम जिनू यांचं पाणी पाच वेळा चुकलं, त्यांचा मळा वाळला आणि दोष भलत्याच माणसांवर आला. मी मनापासून माफी मागते."

"वा! झकास लिहिलंयस," मेयर म्हणाले. "हे पेन घे, कर सही."

"सही तीन वाजल्यावर, मस्यू."

टण्... टण्... टण्!

अंजिराखाली टोपी किंचित हलली. पापेंनी एक डोळा उघडला, पुटपुटले, "हं, पहिले झाले," आणि डोळा मिटला.

मग एक गंमतच झाली. मादाम जिनूंनी मान तिरकी केली. पेटांकवाल्यांनीही केली. लहानपणापासूनची सवय, पहिले टोले झाले की कान आपोआप दुसऱ्या टोल्यांची वाट बघतात. एक मिनिट गेलं. दोन गेली. तीन गेली. पापेंचं घोरणं पुन्हा सुरू झालं. फळी जागच्या जागी आणि पाणी टोमॅटोत!

"दुसरे टोले कुठे गेले?" मादाम जिनू मोठ्याने म्हणाल्या. "अगं बाई! पापे त्यांचीच वाट बघतायत!"

"आता चार वाजता उठतील," तितुआं म्हणाला. "चारचे टोले ते दुसरे समजतात. आम्ही गुरुवारी बघितलंय!"

ऑर्तांसने पेटीवरून सोडवून आणलेली वायरमनची चिठ्ठी खिशातून काढून मादाम जिनूंच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली आणि शेजारच्याला दिली. चिठ्ठी हातोहात फिरली, आणि एकेक डोकं मेयरांकडे वळू लागलं.

"मी काल सांगायला आले होते, मस्यू. तुम्ही ऐकलं नाहीत." ऑर्तांसने कागद पुढे धरला. "यातला प्रत्येक शब्द खरा आहे. फक्त सही राहिलीय. पेन तुमच्याच हातात आहे."

मेयरांचा चेहरा टोमॅटोच्या वाफ्याशी स्पर्धा करू लागला. त्यांनी घसा खाकरला, आकाशाकडे पाहिलं, सिल्वेतबाईंकडे पाहिलं. पळायला वाट नव्हती. बांधावर गाव उभं होतं. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि सही केली.

तेवढ्या गलक्याने पापे जागे झाले. बांधावर एवढी माणसं बघून त्यांनी टोपीच काढली. "कोण गेलं रे?"

"दुसरे टोले गेले होते, पापे," नोएमी बांधावरून उडी मारून त्यांच्याजवळ गेली. "मेयरसाहेबांनी बंद केले होते. तुमचा काहीच दोष नाही!"

पापेंना सगळं कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ते मेयरांना असं काही बोलले, की सिल्वेतबाईंनी तितुआंचे कान झाकले. मग ते मुलांकडे वळले.

"साठ वर्षांत माझ्या फळीला दुसऱ्याचा हात लागलेला नाही. मेयर झाले, पाद्रीबुवा झाले, कुणाची हिंमत नव्हती. तुम्ही परवा तासभर इथे बसलात आणि तरी हात लावला नाहीत?"

"मी लावणार होतो," तितुआंने कबूल केलं. "हिने मारलं."

"मग आज लाव," पापे म्हणाले. "उचला तिघांनी मिळून."

फळी जड होती. एक, दोन, तीन! पाणी मोकळं सुटलं आणि पाटातून खाली धावलं. मादाम जिनू खोरं उचलून त्याच्या पुढे पळत सुटल्या. जाता जाता ओरडल्या, "पोरांनो, चुकलं माझं! जगलेला सगळा घेवडा तुमचा!" सिल्वेतबाईंनी ऑर्तांसला जवळ ओढून घट्ट धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.

रविवारी दुपारी तीनचे टोले पडले तेव्हा तितुआं नदीकाठच्या खडकावर पोहण्याच्या चड्डीत उभा होता. दोन मिनिटं तो हलला नाही. मग तटावरून पुन्हा तीन टोले आले आणि त्याने धाडकन उडी मारली.

माफीपत्र सुट्टी संपेपर्यंत गावकचेरीच्या फलकावर होतं. ते काढायला मेयर दोनदा आले, पण दोन्ही वेळा समोरच्या बाकावर पापे बसलेले होते, आणि जागे होते.