पुन्हा चाख

पाऊस चुकवायला मार्लेनी चौकातल्या एम्पानादाच्या टपरीखाली शिरली, तेव्हा तिथे एकाच माणसापुरती कोरडी जागा होती आणि त्या जागेत विल्मर उभा होता. तो बाजूला सरकला. त्याचा डावा खांदा भिजू लागला.

"घ्या ना," कागदातला गरम, तळलेल्या करंजीसारखा एम्पानादा पुढे करत तो म्हणाला. "वर मिरचीची चटणी घालू?"

"तिखट चालत नाही मला."

"आणि अत्तर? गावातल्या मुली अत्तरात बुडून निघतात. तुमच्या अंगाला नुसता पावसाचा वास येतोय."

"अत्तरही नाही."

"तिखट नाही, अत्तर नाही… मठात जाणार की काय तुम्ही?"

ती खळखळून हसली. "सहकारी संघात कॉफी चाखते मी. म्हणजे… शिकतेय अजून. जीभ आणि नाक सांभाळावं लागतं."

"आणि मन?"

"त्याबद्दल दोन्या ओतिलिया काही बोलल्या नाहीत."

बोलायला हवं होतं बाईंनी! दोन्या, म्हणजे बाईसाहेब, ओतिलिया या संघाच्या चाखणीघराच्या प्रमुख. टेबलावर कप मांडलेले असत, कुणाच्या मळ्याचा कुठला ते कुणाला कळू नये म्हणून नुसते आकडे लावून. दोन्या चमच्याने असा भुरका मारत की खिडकीची काच हलावी. मग थुंकत आणि निकाल देत. त्यांनी पसंत केलेला मालच परदेशी जहाजावर चढे. मार्लेनीला एक दिवस त्यांच्या शेजारी, बरोबरीने उभं राहायचं होतं.

विल्मरची डोंगरउतारावर कॉफीची बाग होती. वडील गेल्यापासून भावांना ती एका गुरंवाल्याला विकायची होती. या हंगामाचा माल जहाजावर चढला तर बाग राहणार होती. नाहीतर त्याने बोगोताला मामाच्या गोदामात जायचं, असं ठरलं होतं.

"माल चढू दे," तो म्हणायचा. एव्हाना तो 'तुम्ही'वरून 'तू'वर आला होता. "दुसऱ्याच दिवशी तुझ्या आईसमोर येऊन उभा राहतो. हातात टोपी धरून."

"आणि आई नको म्हणाली तर?"

"तर टोपी तिथेच ठेवून येईन. ती न्यायला पुन्हा यावंच लागेल ना!"

सान पेद्रोच्या सणात दोघं नाचले. तो घरी जायला निघाला की तिची बोटं त्याच्या बाहीत अडकायची… आणि तो म्हणायचा, "बरं, अजून एकच नाच." तिकडे त्याच्या बागेतल्या टाकीत सोललेली कॉफी धुण्याची वाट बघत, आंबत पडली होती.

पुढे तीच कॉफी वाळवून, भाजून, त्याच्या आईने गुळाच्या पाण्यात उकळून मार्लेनीला दिली. विल्मर तिच्या ओठांकडे बघत होता. "कशी झालीय?"

"पिकल्या अननसासारखी," ती म्हणाली. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. मग आवडत्याची आंबलेली कॉफी गोड लागली तर नवल काय?

चाखणीच्या दिवशी तिसऱ्या कपाशी ती वाकली आणि तो अननस तिच्या नाकाशी आला. तिने त्या कपाला सगळ्यांत जास्त गुण दिले.

दोन्या तिच्यामागून आल्या. त्यांनी भुरका मारला, थुंकल्या, तोंड धुतलं.

"मार्लेनी, हा कप आंबलाय." सगळ्यांसमोर, आवाज न चढवता. "तुला कळलं नाही, की तू कळून घेतलं नाहीस?"

तिचे कान तापले. सर्दी झालीय… पाणी गार होतं… सबबी जिभेच्या टोकावर आल्या होत्या. एक जरी खपली असती तरी विल्मर टोपी घेऊन दारात आला असता.

"कळून घेतलं नाही, दोन्या," ती म्हणाली. "कप कुणाचा ते मी ओळखलं. तुमचं बरोबर आहे."

"असा माल जहाजावर गेला तर पुढच्या वेळी या डोंगरातलं एक पोतंही कुणी घेणार नाही."

"पुन्हा चाखू?"

"चाख."

या वेळी तिने डोळे मिटले. अननसाच्या चवीखाली व्हिनेगर होतं, अगदी स्पष्ट. तिने तो कप स्वतःच्या तोंडाने नापास केला.

दोन्या हळूच म्हणाल्या, "त्याला कुणी सांगायचं?"

"मीच सांगते."

विल्मर अंगणात कॉफीच्या बिया फळीने वाळत पसरत होता. तिचा चेहरा बघून त्याने हातातली फळी खाली ठेवली.

"कुणी नापास केली?"

"मी."

"तू?" त्याने पसरलेल्या बियांकडे पाहिलं. "गप्प बसता आलं नसतं तुला?"

"आलं असतं. पण मग माझ्या जिभेवर तू तरी कधी विश्वास ठेवला असतास?"

त्याने मान वळवली. मग विचारलं, "झालं काय होतं?"

"टाकीत जास्त वेळ राहिली. सान पेद्रोच्या…"

"म्हणजे आपण नाचत होतो तेव्हा." तो हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. "पस्तावतेस?"

"नाचल्याबद्दल? नाही."

"मीही नाही, वेडे."

बोगोताची बस सुटायच्या आधी त्याने तिच्या हातात अत्तराची बाटली ठेवली. "रविवारी लावत जा. ओढ्याकाठची चार झाडं ठेवा म्हणून भावांच्या पाया पडलोय. त्या झाडांची कॉफी येईल तुझ्या टेबलावर. ओळखशील?"

"ओळखली तर चाखता येणार नाही मला."

"मग नको चाखूस… नुसती ओळख." बस हलली, आणि तिने आवरून धरलेलं सगळं रडू एकदम आलं.

पुढच्या हंगामात ती दोन्यांच्या शेजारी उभी राहून चाखू लागली. एका सकाळी एका कपातून संत्र्याचा, ओल्या पानांचा, त्याच्या अंगणाचा वास आला. तिने चमचा खाली ठेवला.

"दोन्या, हा कप मला नको. ओळखीचा आहे."

दोन्यांनी आकडा पाहिला, यादी पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं.

"नाही गं, पोरी. हा नदीपलीकडच्या एका विधवेचा माल आहे." त्यांनी यादी मिटली. "ओढ्याकाठची झाडं गुरंवाल्याने कधीच तोडली. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

मार्लेनीने तोंड धुतलं. त्याच पाण्याने डोळेही धुतले.

"चुकलं माझं, दोन्या."

"पुन्हा चाख," दोन्या म्हणाल्या. इतक्या मायेने त्या कधीच बोलल्या नव्हत्या.

तिने वाकून भुरका मारला. कॉफी फार सुरेख होती. त्या विधवेच्या कष्टाला मिळायला हवे होते तेवढे सगळे गुण तिने स्पष्ट आवाजात सांगितले आणि ती पुढच्या कपाकडे वळली.