बाहीवरचा डाग

"डाग निघेल ना?"

लाँड्रीच्या काउंटरवर काळा कोट टाकत त्याने विचारलं. बाहेर सकाळपासून पावसाची कुरकुर चालू होती. त्याच्या केसांतलं पाणी टपटप पावतीपुस्तकावर पडत होतं.

"डाग निघेल. पावतीपुस्तक वाळेल की नाही, ते सांगता येत नाही," काउंटरमागून ती म्हणाली.

तो हसला. हसताना त्याचा एक वाकडा दात डोकावला. तिने तो पाहिला, आणि पाहिलाच नाही असं दाखवलं.

"कुणाचं लग्न झोडलंत?"

"काय करणार... बोलावणं आलं की जावंच लागतं. तुम्ही इथे—?"

"मामांचं दुकान आहे. मी आपली सहज बसते."

थाप! मालक तिचा मामाबिमा कुणी नव्हता. ती विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. मागच्या खोलीत इस्त्री करून फी, खोलीचं भाडं आणि पोट, तिन्ही ओढत होती. पण बड्या घरच्या पोरापुढे आपली ठिगळं कशाला दाखवायची? पोरांना गरिबीची लाज वाटते. फी वाढवणाऱ्यांना कशाचीच वाटत नाही.

तो दर रविवारी येऊ लागला. कोट तोच, डागही तसाच. चौथ्या रविवारी तिने कोट उलटापालटा केला आणि तिला खुदकन हसू आलं.

"खरं सांगा... वाढपी आहात ना?"

त्याचा चेहरा पडला. "कुणी सांगितलं?"

"तुमच्या कोटाने. खाणाऱ्याचा डाग छातीवर पडतो. तुमचा नेहमी डाव्या बाहीवर, कोपराच्या आत. ताटांची चळत टेकते तिथे."

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आणि मामांच्या लाडक्या भाचीच्या बोटांना एवढे चटके?"

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले, आणि मग पोट धरून हसले. तोही विद्यापीठातच, शेवटच्या वर्षाला होता; फीसाठी लग्नाच्या हॉलमध्ये वाढायचा. कोट हॉलचा, धुवायचा खर्च मात्र त्याचा.

"म्हणजे आपण दोघं फीच्या एकाच खिडकीपुढे नाक घासणारे," तो म्हणाला. "आता कसलं अहो-जाहो? तू म्हण."

"तू," ती म्हणाली. एवढंसं अक्षर, पण कानाच्या पाळ्या तापल्या.

फीच्या शेवटच्या तारखेला तीन दिवस उरले होते. त्याला संध्याकाळीच कोट हवा होता, म्हणून तो इस्त्रीच्या टेबलापाशीच उभा राहिला.

"पास झालो की पहिल्या पगारात तुला..."

"मला काय?"

"सांगू?"

तिने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत बघितलं... आणि हात थांबला. करपल्याचा वास आला तेव्हा बाहीवर इस्त्रीचा अख्खा ठसा उमटला होता.

मालक धावत आला. "काय जाळलंस गं? पगारातून कापीन, आणि उद्यापासून तोंड दाखवू नकोस!"

"जळकाच आणला होता मी," तो मालकाला म्हणाला. "निघतंय का ते बघत होत्या त्या."

तिने तोंड उघडलं. त्याने नजरेनेच दाबलं. आणि ती गप्प बसली. गप्प बसली, हे तिने स्वतःला कधीच माफ केलं नाही.

तिला वाटलं, हॉलवाला चार शिव्या देईल, झालं. तिने फी भरली. पुढच्या आठवड्यात परीक्षेला बसणाऱ्यांची यादी लागली. तिचं नाव होतं. त्याचं नव्हतं. हॉलवाल्याने महिन्याचा पगार दाबून त्याला हाकलून दिलं होतं; फी भरायला काही उरलंच नव्हतं.

रविवारी तो आला तेव्हा ती तडकली. "कुणी सांगितलं होतं मोठेपणा करायला? मूर्खा! मी खिडकीवर जाऊन फी परत मागते."

"माग की. विद्यापीठाने घेतलेलं परत दिल्याचं ऐकलंयस कधी?" तो हसला, पण दात दिसला नाही. "दोघांचं बुडण्यापेक्षा एकाचं बुडालं. दादाच्या ट्रकवर जातोय वर्षभर. मग येईन आणि परीक्षा देईन."

"हिशोब सांगू नकोस मला. त्या दिवशी काय सांगणार होतास, ते सांग."

"तेच... जे ऐकायच्या नादात तू बाही जाळलीस."

ती रडली नाही. नाक मात्र लाल झालं.

त्याने पिशवीतून एक साधा निळा सदरा काढला. स्वतःचा. "हा ठेवून घे. नीट पावती करून दे."

तिने पावती लिहिली. खाली छापील ओळ होती: 'तीस दिवसांत कपडे न नेल्यास दुकान जबाबदार नाही.' तिने 'तीस दिवसांत' खोडून वर 'एका वर्षात' लिहिलं. मग 'दुकान'ही खोडलं. तिथे लिहिलं, 'मी'.

त्याने वाचलं. "आणि वर्षात नाही आलो तर?"

"तर जाळीन," ती म्हणाली. "हात बसलाय माझा."