कुठल्या पानावर?

“हे वाक्य कुठल्या पानावर आहे?” दुकानाच्या दारात छत्री मिटत तिनं विचारलं, आणि हरेश्वरची बोबडीच वळली.

रेवदंड्यात त्याचं बॅनर छापायचं दुकान. वाक्य स्वतःचं म्हणून दाखवलं, की गिऱ्हाईक दहा दुरुस्त्या सुचवतं. खाली थोर लेखकाचं नाव टाकलं, की तेच गिऱ्हाईक मान डोलावतं. हळदीपासून वाढदिवसापर्यंत हीच युक्ती चालली होती. पान मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

ही सुचिता, चौलच्या वाचनालयाची नवी ग्रंथपाल. वर्धापनदिनाचा बॅनर फाटकावर लागलाही होता: ‘पुस्तक उघडलं, की घराला एक खिडकी वाढते.’ खाली थोर नाव. नऊ दिवसांनी येणारे पाहुणे नेमके त्याच लेखकाचे अभ्यासक. त्यांनी पान विचारलं, तर चारचौघांत फजिती तिची.

खरं सांगावं, तर ही पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही... हरेश्वर पुटपुटला, “वाचलंय कुठंतरी. पान आठवत न्हाय.”

“मग शोधायला या. नऊ खंड आहेत.”

झालं. गडी रोज दुकान लवकर बंद करून चौल गाठू लागला. खाकी कव्हरातला एक खंड मधे ठेवायचा आणि दोघांनी पानं चाळायची. खिडकीतून वाडीतल्या ओल्या सुपारीचा वास, पान उलटताना तिच्या बांगडीची किणकिण. ती एखाद्या ओळीवर थांबली, की चोराच्या मनात चांदणं. बाकी वेळ तो सुखात होता.

शनिवारी नववा खंडही संपला. “नाहीच,” ती म्हणाली. तिचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना.

“मॅडम, ते वाक्य माझं हाय. पहिल्याच दिवशी सांगणार होतो, पण मग... तुम्ही बोलावलं नसतंत.”

सुचितानं खंडाचं खाकी कव्हर काढलं. आत भलत्याच लेखकाचं नाव.

“त्यांचे खंड सातच,” ती म्हणाली. “सगळे वाचलेत मी. वाक्य त्यांचं नाही, हे बॅनर लागला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही कधी कबूल करता, ते बघत होते.”

“मग नऊ कसे झाले?”

“सात संध्याकाळी... कमी वाटल्या.” ती लाजली, आणि लगेच सावरली. “पण शेवटचे दोन वेगळे आहेत, हे वाचताना कळलं नाही तुम्हाला?”

“पुस्तकात लक्ष होतं कुठं माझं?”

मग तिनं त्याला तसंच दुकानात पिटाळलं, खरं नाव छापून आणायला.

रविवारी पाहुण्यांनी बॅनर वाचला. खाली ‘हरेश्वर म्हात्रे, रेवदंडा’. त्यांनी चष्मा सारखा केला आणि तिथल्या तिथे दोन दुरुस्त्या सुचवल्या. हरेश्वरनं कपाळाला हात लावला.

“तिसरी माझी,” शेजारून सुचिता हळूच म्हणाली. “‘घराला’च्या आधी ‘आपल्या’ घाला.”

पाहुण्यांच्या दोन्ही दुरुस्त्या तो विसरला. तिसरी त्यानं त्याच संध्याकाळी छापली.