उतरणारी सीट

यतीन, मी पेनरोजला गेलो होतो ते फक्त एक मोटर आणायला. विजेची, मुठीएवढी. चहा घे आधी, गार होईल. मघाशी तू विचारलंस ना, काका, एवढी म्हातारी गाडी कशाला रोज पळवता, विकून टाका की. तेच सांगतोय. फक्त मधे बोलू नकोस, माझा धागा सुटतो.

आमच्या गाडीची पुढची डावी सीट दारातून बाहेर वळते आणि खाली उतरते, तू पाहिली आहेस. बटण दाबलं की व्हीलचेअरच्या उंचीला येते. तुझ्या काकूचे, सुरेखाचे, पाय गेले, मग किडन्याही गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहाला डायलिसिस. ती सीट आहे म्हणून मी एकटा माणूस, एकसष्टाव्या वर्षी, तिला नेऊ-आणू शकतो. पण हे मॉडेल कंपनीनं बंद केलं त्याला तेरा वर्षं झाली. आरसा फुटला तेव्हा वेलिंग्टनहून मागवला. पंप गेला तेव्हा क्राइस्टचर्चला कुणाच्या तरी शेडमध्ये सापडला. मी तीस वर्षं फिटरचं काम केलेला माणूस, बाकीचं घासून, ठोकून, वाकवून बसवत आलो. सीटची मोटर जळली तिथे मात्र हात टेकले. जपानला मेल केली. फार नम्र उत्तर आलं, स्टॉक संपला आहे, क्षमस्व.

दोन आठवडे तिला उचलून आत ठेवत होतो. व्हीलचेअरवाली टॅक्सी सांगून बघितली, ती दोनदा आलीच नाही, आणि डायलिसिस चुकलं की सुरेखाला श्वास पुरत नाही. तिसऱ्या आठवड्यात ड्राइव्हवेवर माझा पाय घसरला. दोघंही खाली. वरून पाऊस. मला काही तिला उचलता येईना, आणि ही बाई मलाच विचारतेय, "अहो, तुम्हाला लागलं का?" रडलो मी तेव्हा. तुझ्यापासून काय लपवायचं.

त्यानंतरच्या गुरुवारी हेमीचा फोन आला. हेमी म्हणजे मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा, आडदांड पण फार मवाळ माओरी माणूस. त्याचं यार्ड पेनरोजला, कारखान्यांच्या मागे. मला तो विश म्हणतो. "किआ ओरा, विश. तुझीच गाडी आलीय बघ."

खरोखर माझीच वाटावी अशी होती. तेच मॉडेल, तोच मोतिया रंग. यार्डात गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, ही तेवढी कुंपणाशी एकटी. आत डॅशबोर्डवर हिरव्या पानांची ताजी डहाळी ठेवलेली. दार उघडलं तर टाल्कम पावडरचा वास आला, आणि त्याच्याखाली ओल्या लोकरीचा.

"मोटर तुझी," हेमी म्हणाला, "पण शनिवारपर्यंत थांब."

"का?"

"या सीटवर एक म्हातारी गेली. हॉस्पिटलला नेत होते, वाटेतच संपली. तिचं फानाऊ, सगळं घरदार, शनिवारी येऊन प्रार्थना करणार आहे. तिला वाट मोकळी करून द्यायला. तोवर हात नको लावूस."

मला हे समजत नव्हतं अशातला भाग नाही. आपल्याकडे तरी गेलेल्याची गादी कुणी घरात ठेवतं का? माझ्या वडिलांची आम्ही तेराव्याच्या आत देऊन टाकली. पण दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, आणि गरजवंताला अक्कल नसते. म्हटलं, हेमी, लोखंडाला काय कळतंय त्याच्यावर कोण गेलं ते. ड्राइव्हवेवर पडल्याचं सांगितलं. हात जोडले. तो म्हणाला, "तुझी मर्जी, ब्रो," आणि आत निघून गेला. एरवी पाना धरायला धावणारा माणूस, त्या दिवशी फिरकला नाही. मोटर सांगाड्याला रिवेट केलेली निघाली, म्हणून मी अख्खी सीटच काढून आणली.

शुक्रवारी पहाटे बटण दाबलं. रिकामी सीट बारीक आवाज करत बाहेर आली. सुरेखाला बसवलं, आता मोटर जड कण्हली, आणि सीट आत गेली. इतका आनंद झाला मला, गाडीला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं. डायलिसिस सेंटरच्या दारात तिला उतरवलं, नर्सच्या ताब्यात दिलं, परत आलो आणि रिकामी सीट आत घ्यायला बटण दाबलं.

मोटर कण्हली.

थांबवली. बाहेर काढली, पुन्हा आत घेतली. तेच. फिटरच्या कानाला वजन कळतं रे, यतीन. शनिवारी-रविवारी सीट सोडवून बसलो. ग्रीस बदललं, गिअर तपासले. कशात काही नव्हतं.

सोमवारी पहाटे आमच्या हेन्डरसनभर धुकं. मी बटण दाबलं, सीट कण्हत बाहेर आली, खाली उतरली. मी सुरेखाची खुर्ची पुढे ढकलली तर तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा... त्यांना उतरू दे आधी."

"कुणाला?"

"त्या बाईंना... केस पांढरे आहेत सगळे." मग कुजबुजत, "विचारतायत, हॉस्पिटल आलं का?"

मी वाकून बघितलं. सीटवर काही नव्हतं, नुसता गाडीतल्या दिव्याचा पिवळा उजेड पडलेला. आणि सुरेखा, तिचा स्वभाव तुला माहीत आहे, दारात आलेल्या परक्यालाही पाणी विचारणारी, ती त्या रिकाम्या सीटकडे बघून म्हणाली, "आम्हीही तिकडेच चाललोय. चला आमच्याबरोबर."

मी तिला गप्प केलं. पण बोलून झालं होतं.

सेंटरच्या पार्किंगमधूनच हेमीला फोन लावला. तो म्हणाला, "शनिवारी आले होते सगळे. त्यांच्या वडीलधाऱ्यानं प्रार्थना सुरू केली आणि मध्येच थांबला. मला विचारलं... सीट कुठंय?"

"मी आणून देतो. आत्ता आणतो. बोलाव त्यांना."

"लांब राहतात, विश. येत्या शनिवारी येतो म्हणालेत. तोवर त्या सीटवर कुणाला बसवू नकोस."

तोवर कुणाला बसवू नकोस! मधे बुधवार होता, शुक्रवार होता. बुधवार चुकला तर सुरेखाच्या फुप्फुसात पाणी भरतं, हे मी हेमीला काय सांगणार? टॅक्सी सांगितली. पहाटे पावणेसहापर्यंत वाट पाहिली. आली नाही, म्हणून त्याच सीटवर बसवलं.

तो बुधवार म्हणजे आज.

आज सकाळी सेंटरच्या दारात सुरेखाला उतरवलं, परत येऊन बटण दाबलं, आणि मोटर बारीक वाजली. अगदी रिकाम्या सीटसारखी. देवाशपथ सांगतो, मी तिथेच गाडीला टेकून हात जोडले. म्हटलं, पोचली बिचारी, सुटली, आणि आम्हीही सुटलो.

आत गेलो. तिथे मशीनवर घेण्याआधी खुर्चीसकट वजन करतात, खुर्चीचं वजा होतं. सुरेखा कायम एकावन्न किलोच्या आसपास. लूपे नावाची टोंगा बेटांकडची नर्स काट्यापाशी उभी होती, आकडा होता चौऱ्याण्णव. तिनं खुर्ची बदलली, तरी चौऱ्याण्णव. मग तिनं स्वतः चढून बघितलं, तिचं वजन बरोबर आलं. "मशीन नाटकं करतंय," म्हणाली आणि सोमवारच्या वजनावर हिशोब धरून सुरेखाला मशीनवर घेतलं. मी मनात वजाबाकी केली. चौऱ्याण्णवातून एकावन्न गेले की त्रेचाळीस उरतात. त्या बाईंचं वजन त्रेचाळीस किलो होतं, एवढं मला कळलं होतं.

अकराला मशीन काढलं. सुरेखा ताठ बसली होती, एरवी ती त्या वेळी मान टाकते. लूपेनं खुर्ची काट्यावर घेतली.

त्रेचाळीस.

तिनं तीनदा वजन केलं. डॉक्टर आले, बीपी बघितलं, छाती तपासली. सगळं उत्तम आहे, काटा दुरुस्तीला टाका म्हणाले. लूपे मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिनं खुर्चीला हात लावला नाही.

घरी आणलं मी तिला. न आणून काय करणार होतो, सांग.

आता आतल्या खोलीत बसलीय. चेहरा सुरेखाचा, शाल सुरेखाची. दुपारी चहा नेऊन दिला तर कप घेतला आणि गोड हसून म्हणाली, "थँक यू, डिअर." बत्तीस वर्षांत तिनं मला 'अहो'शिवाय हाक मारलेली नाही. शनिवारी ते लोक येतील, सीट मागतील. सीट देईन रे मी. पण प्रार्थना झाल्यावर ही मोकळी झाली, तर माझ्याकडे काय उरणार? माझी मला परत मिळेल असं कुणी सांगितलंय?

यतीन, तू एक काम कर. दार नुसतं लोटलेलं आहे. आत जा, 'काकू' म्हणून हाक मार, दोन शब्द मराठीत बोल. काय उत्तर देते ते मला येऊन सांग. मी इथेच बसतो. मला पुन्हा आत जायचा धीर नाही.