शेजारच्या खोलीतला आगाऊ माणूस

"कोणी हात लावला याला?"

प्रयोगशाळेत पेशी उबेत ठेवायच्या इनक्युबेटरवर सदतीस अंशांचा आकडा झळकत होता आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सत्तावीस हवं होतं, सत्तावीस! आत अळीच्या पेशी होत्या, त्यांना माणसाच्या अंगाची ऊब सोसत नाही. त्या पेशींत ती अळ्यांचा एक विषाणू वाढवत होती. माणसाच्या पेशीत तो शिरतो, पण तिथे वाढत नाही. म्हणून त्याच्यावर एक जनुक लादायचं आणि यकृताच्या पेशीत पोचवायचं, हा तिचा आठ महिन्यांचा खटाटोप. महिनाअखेर जमलं नाही तर काम बंद, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी बजावलं होतं. आणि बाटल्यांमधल्या पेशी तर मरून पडलेल्या!

"मी लावला..." दारात तो उभा होता. कालच रुजू झालेला, शेजारच्या खोलीत यकृताच्या पेशी वाढवणारा. "आमच्या पेशींना सदतीसच लागतं. वाटलं, यंत्र बिघडलंय... म्हणून नीट करून ठेवलं."

"नीट? विचारायला तोंड नव्हतं?"

"होतं. चुकलं माझं."

इतक्या पटकन चूक कबूल करणाऱ्याशी माणसाने भांडायचं तरी कसं? तिला त्याचाही राग आला. त्यात त्याचे डोळे असे, की... जाऊ दे.

दुपारी मॅडम तिच्यावरच बरसल्या, तर हा सगळ्यांसमोर उठून म्हणाला, "त्यांचा दोष नाही, माझा आहे." मॅडमनी त्याला तिच्या खोलीत पाऊल टाकायला बंदी केली. तिचा जळफळाट झाला. कुणी सांगितलं होतं याला मध्ये पडायला?

फ्रिजमध्ये विषाणूची एकच कुपी उरली होती. त्यावर तिने पुन्हा सुरुवात केली. रोज सकाळी तो काचेच्या दाराबाहेर हजर.

"सत्तावीस आहे ना?"

"तुम्ही लांब राहिलात तर राहील."

"किती लांब?"

"परमुलखात!"

तो एक पाऊल मागे सरकायचा. एकच. ती पाठ फिरवून हसायची, आणि आपण हसलो म्हणून स्वतःवर चिडायची.

विषाणू तयार झाला. शेजारच्या खोलीतल्या त्या आगाऊ माणसाने वाढवलेल्या यकृताच्या पेशींवर तिने तो घातला. जनुकाला हिरव्या प्रकाशाची खूण जोडलेली होती; ते पोचलं तर पेशी हिरव्या चमकणार होत्या. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत, तो शेजारी उभा असताना, तिने डोळा लावला आणि ती ओरडलीच, "अरे, बघ! सगळ्या हिरव्या!"

त्याने पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"जिंकलीस," तो हळूच म्हणाला. "आता निवांत काम कर. मी पलीकडच्या इमारतीत बदली मागितलीय... तुला माझा त्रास नको म्हणून."

"मला विचारलंस?"

"नाही, पण वाटलं—"

"परत वाटलं! तुझं वाटणं घाल चुलीत! आठ महिन्यांचं काम मारलंस, ते मी पुन्हा उभं केलं. आता मला तुझी सवय लावून निघालास... हे मोडलेलं कुठून उभं करू? आवडतोस तू मला, मूर्खा! रोज सकाळी त्या दाराकडे बघत बसते मी. आणि तू खुशाल बदली मागतोस!"

तो कसाबसा म्हणाला, "मग... अर्ज मागे घेऊ?"

"आत्ताच्या आत्ता. मीही येते बरोबर, तुझा काय भरवसा!"

"अशी चिडूनच येणार?"

"हो, चिडूनच," ती म्हणाली, आणि त्याचा हात घट्ट धरून मॅडमच्या खोलीकडे निघाली.