मिठात रुतलेला बूट

मिठाच्या मैदानाच्या मधोमध एक बेट आहे आणि त्या बेटावर रोहित पक्षी अंडी घालतात, असं आईंचं म्हणणं होतं. ते खरं की खोटं, हे आपल्या डोळ्यांनी पाहून यायचं, एवढ्यासाठी आम्ही तिघं निघालो होतो.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि सुट्टी लागली की गळ्यात दुर्बीण अडकवून पक्ष्यांमागे हिंडल्या. लांब पायांचे, गुलाबी पंखांचे रोहित त्या खाऱ्या मैदानावर येतात हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण ते नुसते चरायला येतात, पिल्लं दुसरीकडे कुठेतरी काढतात, असं जाणकार ठामपणे सांगत. आईंना ते कधीच पटलं नाही. आता मैदानातून मोठा रस्ता काढायचं घाटत होतं. पक्ष्यांची वीण तिथेच होते असा पुरावा मिळाला, तर रस्ता वळवता येणार होता.

एकच अडचण होती. आईंच्या पायांना काही कळत नसे. मधुमेहाने तळवे हळूहळू बधिर होत गेले होते. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या. चपलेत खडा शिरला तरी त्यांना पत्ता नाही. मी नर्स आहे आणि आमच्या वॉर्डात अशाच पायांची माणसं येतात. बऱ्याच जणांना जखम झाल्याचं मोजा काढल्यावर कळलेलं असतं.

म्हणून तयारीची सुरुवात नकाशापासून नाही, पायांपासून झाली. डॉक्टरांनी तपासून होकार दिला, पण सतरा सूचनांसकट. बूट घ्यायला आम्ही मुद्दाम संध्याकाळी गेलो, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगतो. सकाळी बसणारा बूट संध्याकाळी चावतो. पुढे बोटभर मोकळी जागा, आत शिवण टोचत नाही ना, टाच घट्ट धरतोय ना, हे सगळं पाहून घेतलेले ते बूट आई कित्येक आठवडे घरात घालून वावरत होत्या. ओट्यापाशी बूट घालून भाजी चिरणारी सासू पाहून शेजारीण दारातच थबकली होती. शिवाय रोजचा व्यायाम होताच: ओट्याला धरून टाचा उचलायच्या, फरशीवर पंचा टाकून तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा.

"ताई, पंचा चोरायला शिकतेयस का पायांनी?" मामा विचारत.

मामा म्हणजे आईंचे धाकटे भाऊ. त्यांचं टायरचं दुकान होतं. जीप त्यांची, विनोद त्यांचे आणि त्या विनोदांवर हसणंही त्यांचंच. बूट घ्या म्हटलं तर त्यांनी आपले जुने सँडल पुढे केले. "माझे पाय म्हणजे ट्रकचे टायर. यांना काय होतंय!" त्यांच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. रात्री तेल लावा, मोजे घाला, असं मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायचा धीर झाला नाही. शेवटी ते मामेसासरे.

मैदानाच्या काठावर गोड्या पाण्याचा एक झरा आहे. भोवती लव्हाळी वाढलेली. तिथे आम्ही तंबू ठोकला आणि उजाडता उजाडता निघालो.

समोर पांढरंशुभ्र, सपाट मैदान पसरलं होतं. ना झाड, ना दगड, ना सावली. मिठाचा पापुद्रा पायाखाली कुरकुरत होता आणि जिथे तो तडकला होता तिथे षटकोनी फरश्या बसवल्यासारख्या रेघा लांबवर गेलेल्या. मी पुढे काठीने ठोकून पाहायची, माझ्या पावलावर आई पाऊल टाकायच्या, मागून मामा. थोड्या थोड्या वेळाने थांबून मी आईंचे बूट-मोजे उतरवायची. तळव्याखाली आरसा धरायचा, बोटांच्या बेचक्यांत पाहायचं, घाम पुसायचा, बूट उलटा करून झटकायचा, मगच पुन्हा चढवायचा. आई तोवर दुर्बिणीतून क्षितिज पाहत बसायच्या, जणू पाय दुसऱ्याच कुणाचे होते.

सूर्य वर आला तसं पापुद्र्यावर खारं पाणी दिसू लागलं. जेमतेम तळवा भिजेल एवढंच, पण मामांचे सँडल त्यात बुडत होते. बऱ्याच वेळात त्यांचा एकही विनोद झाला नव्हता. मी वळून पाहिलं. ते पंजांवर चालत होते, टाचा टेकवतच नव्हते.

"मामा, दाखवा बघू."

"काही नाही गं, जरा चुरचुरतंय."

भेगांत मीठ भरलं होतं. दोन ठिकाणी रक्त आलं होतं. मी टाचा थोड्या पाण्याने धुतल्या, व्हॅसलीनचा जाड थर दिला आणि माझे जादा मोजे त्यांना चढवायला लावले. मोजे टाचेपर्यंत कसेबसे पोचले.

आई हसल्या. "टायर पंक्चर झाला वाटतं!"

तेवढ्यात वारा पडला आणि आवाज आला. दुरून, खूप माणसांनी एकाच वेळी कुजबुजावं तसा. आई ताडकन उठल्या. क्षितिजावर गुलाबी रेघ थरथरत होती.

"बेट! सूनबाई, ते बघ बेट!"

त्या घाईतच त्यांनी बूट चढवून नाडी स्वतःच बांधली. मी पाहिलं, पण पुन्हा सोडून बांधा म्हणायचं राहून गेलं. मीही त्या रेघेकडेच पाहत होते.

थोडंच पुढे गेलो असू. काठीखाली पापुद्रा टणक वाजला, मी पाऊल टाकलं, पुढे झाले. मागे काच फुटल्यासारखा आवाज झाला.

आईंचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत!

"हलू नका!" मी ओरडले. "मामा, मागेच थांबा. पुढे येऊ नका!"

खालचा काळा चिखल बुडबुडत होता. आई डावा गुडघा टेकवून तोल सांभाळत होत्या आणि त्या गुडघ्याखालीही तडे चालले होते. मी पाठीवरची फोमची चटई झटकन पसरली आणि तिच्यावर पालथी पडले. मामांनी मागून आपली काठी पुढे केली. आईंनी ती दोन्ही हातांनी धरली. मी त्यांच्या मांडीला मिठी मारली. मामांनी ओढलं. चिखलाने ओढलं. पुन्हा मामांनी!

पाय सुटला. आई चटईवर कोसळल्या. पाय बाहेर आला होता, बूट नव्हता.

"बूट राहिला," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता.

त्या मैदानावर त्यांना अनवाणी चालवणं शक्यच नव्हतं. माझा बूट त्यांना होत नव्हता, मामांच्या सँडलमध्ये त्यांची दोन्ही पावलं मावली असती. मी खांद्यापर्यंत हात चिखलात घातला. वरचा चिखल कोमट, खाली थंडगार. बोटांना काहीच लागेना. गालाला मीठ चावत होतं. आणखी खाली. मग करंगळीला दोरीसारखं काहीतरी अडकलं. नाडी! बोटाभोवती गुंडाळली, हळूहळू ओढली. तुटली असती तर संपलंच होतं. चिखलाने एक लांब उसासा टाकला आणि बूट वर आला, काठोकाठ भरलेला.

आम्ही टणक जागी सरकून बसलो. आई लगेच म्हणाल्या, "पूस तो बूट. मला काही दुखत नाहीये. चला."

"तीच तर अडचण आहे, आई."

मी त्यांचा मोजा काढला. टाचेच्या कडेला पापुद्र्याची धार लागली होती. बोटाच्या पेराएवढा काप होता, आत मीठ आणि काळी माती.

"आरसा दे," त्या म्हणाल्या. आरशात त्या बराच वेळ पाहत राहिल्या. पलीकडून पक्ष्यांची कुजबुज येत होती. उरलेल्या वाटेवर फक्त पाऊल उचलायचं होतं, आणि एवढी वर्षं ज्या बेटावरून लोक त्यांना हसत आले ते समोर दिसत होतं. निर्णय त्यांच्या पायाचा होता.

"जखम धुवायला किती पाणी लागेल?" त्यांनी विचारलं.

"नीट धुवायची तर बरंच. बूटही धुवायला हवा."

"मग बेटापर्यंत पुरायचं नाही."

"नाही."

त्यांनी आरसा खाली ठेवला. "धू. परत जायचंय आपल्याला."

प्यायच्या पाण्याने मी जखम धुतली, पट्टी बांधली, कोरडा मोजा चढवला. मामांनी डोक्याचं फडकं सोडून बूट आतून कोरडा केला. नाडी या वेळी मी बांधली.

परतीला वारा सुटला. मिठाची पूड उडू लागली आणि आमच्याच पावलांचे ठसे डोळ्यांदेखत बुजले. होकायंत्र हातात धरून, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, आंधळ्यांच्या रांगेसारखे आम्ही चालत राहिलो. उरलेली एक बाटली घोटाघोटाने फिरवली. मामा लंगडत होते, मी थकले होते. पण आईंच्या पोटऱ्या काही डगमगल्या नाहीत. ओट्यापाशी उचललेल्या टाचा त्या दिवशी कामी आल्या. उन्हं कलली तेव्हा पुढे हिरवं काहीतरी दिसलं. लव्हाळी होती.

लगेच जीप काढून आम्ही जवळच्या गावातला दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी जखम पुन्हा साफ केली, इंजेक्शन दिलं, औषधं लिहून दिली.

"पाय जमिनीला लावायचा नाही. एक दिवसाआड दाखवायला आणा. लाली वाढली तर वाट न पाहता या."

"झऱ्यापाशी बसून राहिले तर चालेल?" आईंनी विचारलं.

"बसूनच राहणार असाल तर कुठेही बसा."

म्हणून आम्ही तंबू हलवला नाही. आई घडीच्या खुर्चीत, समोर दुसऱ्या खुर्चीवर पाय. मी रोज पट्टी बदलायची. लाली वाढली नाही, मग उतरू लागली. मामा रोज रात्री न सांगता टाचांना व्हॅसलीन चोळत होते आणि त्यांनी गावातून नवे मोजेही आणले होते. बेटाचा विषय कुणी काढत नव्हतं. आई लव्हाळ्यातल्या चिमण्या टिपत बसायच्या आणि खरं सांगायचं तर आम्हां तिघांचेही ते दिवस फार सुखात चालले होते.

एका सकाळी मामांनी चहाचा कप अर्ध्यावर थांबवला. "ताई, मैदानात मेंढ्या कुठून आल्या?"

दूरवरून एक करडी, लांबट सावली सरकत येत होती. आईंनी दुर्बीण लावली. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली.

पिल्लं होती. रोहितांची करडी, लोकरीसारख्या पिसांची, अजून उडता न येणारी असंख्य पिल्लं! बाजूने मोजके मोठे पक्षी त्यांना हाकत होते. बेटाकडून सगळं मैदान पायी तुडवत ती गोड्या पाण्याकडे, थेट आमच्या झऱ्याकडे येत होती.

मी फोटोंवर फोटो काढले. दुपारपर्यंत ते आईंच्या पक्षीमंडळात पोचले, आणि जाणकारांचा फोन आला तेव्हा आईंनी तो घेतलाच नाही. रस्त्याचं बोलणं पुढे महिनोन्महिने चाललं आणि शेवटी तो मैदानाला वळसा घालूनच गेला. पण त्या सकाळी कुणाला रस्त्याची आठवणही नव्हती.

सगळी पिल्लं पाण्यात उतरली तरी एक मागेच राहिलं होतं. दोन पावलं टाकायचं, पडायचं. मामा नव्या मोज्यांनिशी तसेच धावले आणि त्याला उचलून घेऊन आले. त्याच्या दोन्ही पायांत मिठाची जाड, कडक कडी बसली होती. खाऱ्या पाण्यातून चालता चालता थरावर थर चढले होते.

आईंनी त्याला पंच्यात गुंडाळून मांडीवर धरलं. मामांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केली. एक तडा गेला. दुसरा. कडं फुटून पडलं. उरलेलं मी कोमट पाण्याने विरघळवलं आणि पाय पुसून दिले.

"सोडा आता," आई म्हणाल्या.

मामांनी पिल्लाला पाण्याच्या काठाशी उभं केलं. ते क्षणभर तसंच राहिलं. मग एक पाय वाजवीपेक्षा फारच उंच उचलला, सवयीने, जणू अजून ओझं आहेच. मग दुसरा. आणि धावत सुटलं! पाणी उडवत ते त्या करड्या गर्दीत शिरलं आणि आपलं कोणतं हे तिघांनाही ओळखता येईना.

"ते बघ, ते," मामा म्हणाले.

"ते नव्हे रे, त्याच्या डावीकडचं," आई म्हणाल्या, आणि दोघा भावंडांचा वाद चहा गार होईपर्यंत चालला.