डाल्याखालचं पीठ

चैत्रातलं ऊन असं होतं, की ओली चादर दोरीवर नीट पसरेपर्यंत तिचं एक टोक वाळून कडक व्हावं. रोहिणीनं सगळ्या चादरी काढल्या, गुडघ्यावर ठेवून घड्या घातल्या, फवाऱ्याची बाटली अन् हातमोजे पिशवीत कोंबले आणि दुहेरी मास्क बांधून ती विठ्ठलरावांच्या मळ्याकडं निघाली. काम नेहमीचंच. एक पाहुणा गेलेला, दुसरा यायचा, मधल्या वेळात खोली आवरायची.

धर्मापुरीचं जुनं देऊळ बघायला लांबलांबून माणसं येतात. कुणी मूर्तींचे फोटो काढतं, कुणी परळीचं दर्शन आटोपून मुक्कामाला इकडं वळतं. ते हेरून विठ्ठलरावांनी, म्हणजे गावाच्या तात्यांनी, बंगल्यामागं, ट्रॅक्टरच्या शेडला लागून, रोजावर द्यायच्या खोल्या बांधल्या आणि मुलीच्या नावानं ‘स्वप्नाली निवास’ अशी पाटी ठोकली. इंटरनेटवर खोल्या दाखवणं, पाहुण्यांशी बोलणं, हे रोहिणीकडं. अंबाजोगाईला बी.एस्सी. करून घरी बसलेल्या पोरीला तेवढाच आधार.

पहिली टाळेबंदी उठली तेव्हा पाहुणे ठेवणाऱ्यांसाठीचे नियमही तिनंच शोधून आणले होते. पाहुणा गेला की खिडक्या सताड उघडून खोली दिवसभर रिकामी ठेवा. कड्या, बटणं, नळ पुसा. अंथरुणं उकळत्या पाण्यातून काढा. पाहुणा आजारी पडला तर त्याला वेगळं ठेवा, आणि ताबडतोब आरोग्य केंद्राला कळवा. हे सगळं तिनं सोप्या मराठीत लिहिलं आणि प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येक दारामागं चिकटवलं. विठ्ठलरावांनी त्या कागदाशेजारी उभं राहून फेट्यात फोटो काढून घेतला. कागद मात्र त्यांनी कधी वाचला नाही. कारखान्याची निवडणूक कधीही लागणार होती, फोटो उपयोगाचा होता.

सकाळीच पुण्याहून शिवकन्या नावाच्या बाईचा फोन आला होता. “ताई, खोली नीट मोकळी ठेवली होती ना? मला सातवा महिना चाललाय. घरचे नको म्हणत होते. मी तुमचे नियम वाचले, तेव्हा कुठं तयार झाले.”

“अगदी निर्धास्त या,” रोहिणी म्हणाली होती. ते वाक्य वाटभर तिच्यासोबत चालत होतं.

बंगल्याच्या ओट्यावर केशरबाई, म्हणजे विठ्ठलरावांच्या पत्नी, लसूण सोलत बसल्या होत्या. रोहिणीला बघून दरवेळी करायच्या तशी त्यांनी थट्टा केली नाही. एरवी त्या तिला ‘ससा’ म्हणायच्या. कुकरची शिट्टी झाली तरी तिचा हात छातीवर जातो म्हणून.

“काकू, मास्तर कधी गेले?”

मास्तर म्हणजे सुंदरराव. आष्टीकडचे, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. देवळातल्या मूर्ती पेन्सिलीनं कागदावर उतरवायला एकटेच आले होते. रोहिणीला म्हणाले होते, “पोरी, त्या दगडातल्या बाईच्या बोटाला जेवढी नजाकत हाय ना, तेवढी मला जिंदगीत जमली न्हाई.” मग मधेच बंगल्यावरून निरोप आला होता, की मास्तर कामात आहेत, त्यांना गडबड नको, तू येऊ नको. ती गेली नव्हती.

“परवा गेले. पोरगं आलतं, गाडीत घालून घिऊन गेलं,” केशरबाई लसणाकडंच बघत म्हणाल्या. कमरेची किल्ली काढून त्यांनी ओट्यावर ठेवली, हातात दिली नाही. “लवकर आवर. आन् खिडकी उघडू नको.”

“कावून? नियमच आहे, आधी खिडकी…”

“धूळ येती. सांगितलं तेवढं कर.”

मागं शेडमध्ये ट्रॅक्टर नव्हता. पत्रा उन्हानं तापून कडकड वाजत होता. टोकाच्या खोलीशी येऊन रोहिणी थांबली. दाराला बाहेरून नवीकोरी कडी बसवलेली आणि तिला शेतातल्या मोटारीच्या पेटीला असतं तसलं जाड कुलूप. खिडकीवर बाहेरून फळी ठोकलेली. खिळे अजून चकाकत होते.

धूळ येते म्हणून कुणी खिडकीला खिळे ठोकतं?

तेवढ्यात आतून आवाज आला.

टण्.

स्टीलचं भांडं लोखंडी गजावर हळूच आपटल्यासारखा. रोहिणीच्या हातून किल्ली पडली. पत्रा तापला की वाजतो, तिनं स्वतःला समजावलं. किल्ली उचलली, कुलूप काढलं.

आत अंधार आणि कोंडलेली ऊब. फिनेलचा वास, जळलेल्या तेलाचा वास, आणि त्या दोन्हींच्या खाली, दबून राहिलेला, ताप आलेल्या माणसाच्या घामाचा वास. तो तिला ओळखता आला, कारण वडिलांच्या टायफॉइडमध्ये तिनं तोच वास उशाशी बसून घेतला होता. तिनं दिव्याचं बटण दाबलं.

पलंगावर गादी नव्हती. मेजावर मास्तरांची पेन्सिल होती, टोक मोडलेली. आणि कोपऱ्यात, जमिनीवर, कोंबड्या झाकायचं एक डालं पालथं घातलेलं, वर दगड ठेवलेला. डाल्याच्या कडेनं पांढरी पूड दिसत होती.

रोहिणीचं डोकं तापलं. म्हणजे खोली उघडी टाकायची नाही, पुसायची नाही, कोपऱ्यात मूठभर ब्लिचिंग पावडर टाकली की झालं! तिनं मास्क खाली केला आणि वाकली.

वास आला नाही. ब्लिचिंगचा वास नाकात सुईसारखा घुसतो. हा तर तसला नव्हता. तिनं बोट लावलं. मऊ, किंचित खरखरीत. ज्वारीचं पीठ.

ती तशीच वाकून राहिली. पिठाशेजारी विझलेली पणती होती. गावात वाढलेल्या पोरीला याच्यापुढं सांगायची गरज नसते. माणूस जिथं जातो, त्या जागी पणती लावतात, पीठ पसरतात आणि डालं झाकतात. मग डालं उचलून बघतात, पिठात पाऊल कशाचं उमटलं. पाखराचं उमटलं तर पाखराचा जन्म, गाईचं उमटलं तर गाईचा.

मास्तरांना मुलगा घेऊन गेला होता. पण कसा?

तिनं दगड बाजूला केला. डालं उचललं.

पाऊल नव्हतं. गोल होते. गिलासाच्या बुडाएवढे, स्वच्छ, काठ नीट उमटलेले गोल. एकात एक, एकाशेजारी एक. कुणीतरी गिलास ठेवला होता, उचलला होता, पुन्हा ठेवला होता… पुन्हा… पुन्हा. आणि ती सगळी रांग दाराच्या दिशेनं सरकत गेली होती.

टण्.

या वेळी आवाज खिडकीशी झाला. तिच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर. गजाशी कुणीही नव्हतं.

रोहिणी धावत ओट्यावर आली तेव्हा केशरबाई उठून उभ्या होत्या, जशा काही तिचीच वाट बघत होत्या.

“मास्तर इथंच वारले ना?”

केशरबाईंनी पदर तोंडाशी नेला. मग फाटक्या आवाजात म्हणाल्या, “ताप आलता. खोकला लई. मालक म्हणले, येगळं ठिवायचा नियमच हाय. तुज्याच कागदात लिवलंय म्हणले.”

“माझ्या कागदात कुलूप लिहिलंय? त्याच ओळीत पुढं लिहिलंय, आरोग्य केंद्राला कळवा!”

“कळवलं तर गेट शील करतील, पेपरात नाव येईल म्हणले. इलेक्शन हाय.”

“आणि पाणी? पाणी तरी…”

“आधी खिडकीतून दिलं ग. मग मालक म्हणले, रोग हवेतून येतो, खिडकी बंद करा.” त्या रडत नव्हत्या. डोळे कोरडे ठणठणीत होते. “मास्तर गजावर गिलास वाजवायचे. ‘ताई, पाणी… ताई, पाणी…’ फळी ठोकली तरी वाजवायचे. किल्ली तवा मालकांच्या खिशात. दाराच्या फटीतून पाणी कसं देऊ, सांग? मग वाजायचं थांबलं. पोराला सांगितलं, दवाखान्यात नेताना वाटंत गेले.”

रोहिणीच्या मुठीत अजून ते जाड कुलूप होतं. आता समोर काही असतं तर तिनं ते फोडलं असतं.

“मी गुपचूप पीठ पसरलं,” केशरबाई आणखी हळू बोलल्या. “उचलून बघाय धजले न्हाई. कशाचं पाऊल हाय ग? पाखराचं हाय का?”

“गिलासाचं,” रोहिणी म्हणाली. “अजून पाणीच मागतायत ते.”

फाटकाशी हॉर्न वाजला. पांढरी गाडी बंगल्याला वळसा घालून मागच्या खोल्यांपाशी थांबली आणि तिच्या मागोमाग विठ्ठलरावांची जीप. विठ्ठलराव उतरले ते हात जोडूनच. मास्क हनुवटीखाली, खिशात ताप मोजायची बंदूक.

“या, या साहेब! आमच्याकडं नियम म्हंजे नियम. आधी टेंपरेचर, मग चहा.”

गाडी चालवणारा अभिमन्यू, शिवकन्याचा नवरा, हसून खाली उतरला. शिवकन्या मागच्या सीटवरून एका हातानं पोट सावरत उतरू लागली. तिचा पाय जमिनीला लागायच्या आत रोहिणी गाडीपाशी पोचली होती.

“उतरू नका.”

“अगं, तूच ना रोहिणी? सकाळी फोनवर…”

“मी खोटं बोलले. मला माहीत नव्हतं, पण खोटंच बोलले. त्या खोलीत माणूस मेलाय. करोनानं. बाहेरून कुलूप घातलं होतं त्याला. खोली एक घडीसुद्धा उघडी ठेवलेली नाही. गाडीत बसा.”

विठ्ठलराव मोठ्यानं हसले. “साहेब, हिचं काय मनावर घेता! चिमणी उडाली तरी घाम फुटतो हिला. गावात विचारा कुणालाबी.”

“विचारा की!” रोहिणी ओरडली. आपला आवाज एवढा मोठा निघू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. “तात्या, सांगा यांना, खिडकीला फळी कावून ठोकली? नियम पाळला म्हणे! माझे नियम माणूस जगवायला होते, माणूस कोंडायला नव्हते!”

“तोंड सांभाळ, रोहिणी. तुज्या बापाला माज्या दारात उभं राहावं लागतं, इसरू नको.”

अभिमन्यूनं बायकोला पुन्हा आत बसवलं. “तात्या, ती फळी मी बघितलीय, इथून दिसतेय,” तो शांतपणे म्हणाला. “काय प्रकार आहे?”

पुढाऱ्याला पाहुण्यासमोर मागं हटता येत नाही. विठ्ठलरावांनी जाकीट झटकलं. “प्रकार काय असायचाय? मी सोता जाऊन बसतो. मला काय झालं तर बोला!” ते तरातरा खोलीकडं गेले, आत शिरले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी आतून दार लोटून घेतलं. “बघा! बसलोय पलंगावर!”

सगळे दाराबाहेर ऐकत उभे राहिले. पत्रासुद्धा वाजायचा थांबला होता.

टण्.

“कोन हाय रे?” आतून विठ्ठलराव.

टण्… टण्…

मग दारावर हात आपटल्याचा आवाज. “दार उघडा! कुलूप कुणी घातलं? केशर… ए केशर, दार उघड!”

कुलूप रोहिणीच्या हातात होतं. बाहेरची कडी मोकळी लोंबत होती, उन्हात नुसती लकाकत. दाराला कुणी शिवलंही नव्हतं. आत विठ्ठलराव दोन्ही हातांनी दार बडवत होते आणि दार जागचं हलत नव्हतं. आणि मग त्यांचा आवाज बदलला. खोल गेला, सुकला, म्हाताऱ्या माणसासारखा झाला.

“ताई… पाणी…”

केशरबाईंनी दोन्ही कान गच्च झाकले.

रोहिणीनं पुढं होऊन एका बोटानं दार ढकललं. ते सहज उघडलं. विठ्ठलराव उंबऱ्याशी उभे होते, ओठ फुटलेले, जिभेला पांढरा थर, जणू कित्येक दिवस पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. त्यांच्या पायांबरोबर कोपऱ्यातून उंबऱ्यापर्यंत आलेल्या पिठात आणखी एक गोल उमटला होता. ताजा.

गाडी वळून फाटकाबाहेर पडत होती. काचेतून शिवकन्याचा हात दिसत होता, छातीशी धरलेला.

त्याच संध्याकाळी रोहिणीनं मास्तरांच्या मुलाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “बाबांच्या हातातला गिलास निघत नव्हता. तसाच दिला त्यांच्यासोबत.” त्यानं तक्रार दिली. चौकशी चालू आहे म्हणतात. ‘स्वप्नाली निवास’ची पाटी उतरली, पण विठ्ठलरावांची बॅनर अजून चौकात आहेत, आणि ती दिसली की रोहिणीच्या अंगाचा तिळपापड होतो. कुणी तिला भित्री म्हणालं तर ती आता मान खाली घालत नाही.

परवा दुपारी केशरबाईंचा फोन आला.

“रोहिणी… ते गोल बंगल्यात आलेत ग. आधी मागच्या अंगणात दिसायचे, मग ओट्यावर. आज उंबऱ्याच्या आत हायत. ओले.”

“मग पाणी द्या की काकू! जिवंत होते तेव्हा दिलं नाहीत, आता तरी द्या!”

“देते ग. रोज भरून ठिवते. रिकामा व्हतो.” त्यांचा श्वास जड झाला. “पर आज आवाज दोन येतेत… दोन गिलासांचे. एक उंबऱ्याशी, दुसरा मागल्या खोलीतून.”

फोनमधून रोहिणीलाही ऐकू आलं. टण्. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ, दुसऱ्या सुरात, टण्.

“दुसरा कुणाचा? तात्या वाजवतायत का?”

“न्हाई,” केशरबाई कुजबुजल्या. “मालक माज्या म्होरं बसलेत. दोनी हात मांडीवर हायत… आन् ते मला इचारायलेत, केशर, तिकडं मीच वाजवतोय का?”